गोष्टीतल्या पात्रावर गटात प्रकल्प द्यायचा असेल तर पात्रं वाटून देऊ नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठवीचा वर्ग, पन्नासच्या आसपास मुलं, प्रेमचंदांची 'ईदगाह' शिकवलीत आणि मग प्रत्येक गटाला एकेक पात्र देऊन 'व्यक्तिरेखा' असा प्रकल्प करायला सांगितलात. गोष्ट थोडक्यात अशी: आई-वडील नसलेला लहानगा हामिद ईदेच्या जत्रेत मित्रांसारखी खेळणी-मिठाई न घेता आपल्या तीन पैशांत पोळ्या भाजायचा लोखंडी चिमटा घेऊन घरी येतो, आणि अमीना ही त्याची आजी. तुमच्या हातात आले ते कार्डशीटचे तक्ते, मधोमध हामिदचं चित्र, भोवती ढग, ढगात प्रेमळ, समजूतदार, त्यागी, हुशार. अमीनाच्या तक्त्यावर पण प्रेमळ, कष्टाळू, त्यागी. अक्षर प्रत्येक गटात एकाच मुलीचं. आणि आता तुम्ही विचारताय की गट लहान करू का, की हे गटाचं प्रकरणच बंद करू, आणि मार्क नक्की कशाला द्यायचे.

मला विचाराल तर अडचण गटात नाहीये, कामात आहे. 'हामिदची स्वभाववैशिष्ट्ये लिहा' हे काम एक बऱ्यापैकी मुलगी दहा मिनिटांत एकटी उरकते, गाईड उघडलं तर पाचच मिनिटांत. मग उरलेल्या सातजणांनी करायचं काय? ते स्केचपेनची टोपणं सांभाळत बसतात, त्यात त्यांचा दोष नाही. जे काम एकट्याने जास्त पटकन होतं ते गटाला दिलं की गट फक्त नावापुरता राहतो. दुसरं म्हणजे विशेषण हा व्यक्तिचित्रणाचा शेवट असतो, आपण त्यालाच सुरुवात करून टाकतो. मूल एकदा 'त्यागी' म्हणालं की त्याच्या डोक्यातला विषय संपला, आता परत गोष्टीकडे जायचं कारणच उरत नाही.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत ते सांगून टाकते. माझे वर्ग मराठी माध्यमाचे, तालुक्याच्या गावातले, तास पस्तीस मिनिटांचा, बाक जड आणि हलवायला बंदी. तुमच्याकडे मुलं तीसच असतील, जोड तास मिळत असेल तर खालचं सगळं अजून सोपं जाईल. उलट गोष्ट प्रत्येकाच्या हातात छापील नसेल तर हे करूच नका, आधी निदान दोघांत एक प्रत करा, कारण सगळी मजा पानावर बोट ठेवण्यात आहे. आणि आठवीत सुद्धा प्रत्येक वर्गात काही मुलं अडखळत वाचणारी असतात, हे आपण सगळे जाणतो, बोलत नाही एवढंच. त्यांच्यासाठी पहिला अख्खा तास मी फक्त मोठ्याने वाचनाला देते, थांबत नाही, प्रश्न विचारत नाही. ऐकून गोष्ट डोक्यात बसली की तीच मुलं पुढे छान बोलतात.

आता मुख्य मुद्दा. पात्रं वाटू नका, पुरावा वाटा. म्हणजे सगळा वर्ग एकाच माणसाबद्दल विचार करतोय, इथे हामिद, पण प्रत्येक गटाकडे गोष्टीतला वेगळा धागा आहे आणि दुसऱ्या गटाकडे काय आहे ते कळल्याशिवाय कोणालाच पूर्ण उत्तर देता येत नाही. ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन गावात 1971 साली एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने शाळांमध्ये 'जिगसॉ' नावाने ही पद्धत आणली. तिथे नुकतीच गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणून धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे द्यायचा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतरच नाही. आपल्याकडे कारण वेगळं आहे पण उपयोग तोच होतो, हुशार मुलीला मागच्या बाकावरच्या मुलाचं ऐकावं लागतं कारण तो तुकडा त्याच्याकडेच असतो.

'ईदगाह' साठी मी पाच धागे करते. पैसा, इच्छा, मित्र, अमीना आणि निवेदक. पाच-पाचचे दहा गट, म्हणजे प्रत्येक धागा दोन गटांकडे. बाक हलवायचे नाहीत, पुढच्या बाकावरच्यांनी मागे तोंड करायचं, झालं. दोन-चार मुलं जास्त असतील तर ती कुठेही सहावी म्हणून घाला.

पैशाच्या गटावर जरा जास्त बोलते कारण तो सगळ्यात कोरडा वाटतो आणि त्यातूनच सगळ्यात जास्त निघतं. त्यांना एवढंच काम, गोष्टीत जिथे जिथे पैशाचा आकडा आहे तो शोधा, कोणाकडे किती, कशाला किती. आधी जुना हिशोब फळ्यावर लिहून द्यावा लागतो, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया, 1957 साली दशमान नाणी येईपर्यंत असंच होतं. मग मुलं शोधतात. मोहसिनकडे पंधरा पैसे, महमूदकडे बारा, हामिदकडे तीन. हे सगळ्यांना लगेच सापडतं. थोडं मागे गेलं की सापडतं की अमीनाला शिवणकामाचे आठ आणे मिळाले होते, ते तिने ईदेसाठी जपून ठेवले होते, पण दूधवाली तगादा लावून गेली आणि आता घरात सगळे मिळून दोन आणे उरलेत. तीन पैसे हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. म्हणजे आठातले तीन. घरातल्या एकूण रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तिने चार-पाच वर्षांच्या पोराच्या हातात दिला, आणि उरलेल्या पाचात सण करायचाय, दारात धोबीण, न्हावीण, कासारीण सगळ्या यायच्यात. हे फळ्यावर मांडलं की वर्गात एकदम शांतता होते आणि मग कोणीतरी विचारतंच, एवढे का दिले तिने? आता हा प्रश्न अमीनाच्या व्यक्तिरेखेचा आहे, आणि तो गणितातून आला. 'प्रेमळ' हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

त्याच गटाला पुढे सापडतं की पाळण्याचा एक पैसा आणि खेळणी दोन-दोन पैशांची. म्हणजे हामिदला एक खेळणं परवडत होतं, वर एक पैसा उरला असता. पाळण्यात तर तो तीनदा बसला असता. निवेदक तर सरळ म्हणतो की आपल्या खजिन्यातला एक तृतीयांश भाग जराशा गिरक्यांसाठी तो देऊ शकत नाही. गाईडमध्ये 'गरिबीमुळे खेळणी घेऊ शकला नाही' असं असतं, ते मुलांनी पुराव्याने खोडून काढलेलं बघायला मला फार आवडतं.

इच्छेच्या गटाने फक्त चिमट्याच्या दुकानापर्यंतचाच भाग वाचायचा आणि हामिद काय बोलतो व त्याचं शरीर काय करतं हे दोन रकान्यांत लिहायचं. बोलतो काय तर खेळणी मातीची आहेत, पडली की फुटतील. आणि करतो काय, डोळे त्या खेळण्यांवरून हलत नाहीत, हात आपोआप पुढे जातात. दोन रकाने समोरासमोर आले की मुलांना न सांगता कळतं की माणूस बोलतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं. हे ओळखणं हेच व्यक्तिचित्रणातलं अर्धं काम.

मित्रांच्या गटाकडे रेवडीचा प्रसंग येतो, मोहसिन हामिदपुढे रेवडी धरतो आणि त्याने हात पुढे केला की स्वतःच्याच तोंडात टाकतो. त्यांना मी एक जास्तीचं काम देते, हामिदच्या मनातला राग शोधा. मुलं म्हणतात, बाई तो रागवतच नाही. शोधा म्हणते. मग सापडतं, चिमट्याच्या दुकानापाशी उभा असताना तो मनातल्या मनात म्हणत असतो की खाऊ देत मिठाई, यांचंच तोंड सडेल, फोड येतील. आजीच्या दुव्याचा विचार आणि हा राग, दोन्ही त्याच जागी, चिमटा घ्यायच्या जरा आधी. आणि नंतरचा तो लांबलचक वाद, माझा चिमटा तुमच्या सगळ्या खेळण्यांना भारी, तो पण याच गटाकडे.

अमीनाचा गट आणि निवेदकाचा गट याबद्दल थोडक्यात. अमीनाच्या गटाने तिच्या रागाचं नेमकं कारण शोधायचं. निवेदकाच्या गटाने गोष्ट सांगणारा स्वतः मत देतो ती वाक्यं वेगळी काढायची, म्हणजे पात्राने केलं काय आणि लेखकाने आपल्याला सांगितलं काय हे सुटं होतं. हा गट जरा चांगल्या वाचणाऱ्यांचा ठेवा, काम अवघड आहे.

प्रत्येक गटात एक शंकासुर नेमायचा. त्याचं काम एकच, कोणी काहीही म्हटलं की विचारायचं, 'कुठे लिहिलंय?' पान आणि ओळ दाखवल्याशिवाय कागदावर काही चढत नाही. हे काम मुद्दाम वर्गातल्या सगळ्यात खोडकर पोराला द्या. त्याला कायदेशीर त्रास द्यायला मिळतो आणि त्या नादात तो गोष्ट कोणाहीपेक्षा जास्त वेळा उघडतो.

पुढच्या तासाला गट मोडायचे. प्रत्येक नव्या गटात पाचही धाग्यांचा एकेक जण. आधी प्रत्येकाने दोन मिनिटं आपल्याकडचं सांगायचं, कागद न देता, बोलून. आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न, 'हामिदने चिमटा आजीसाठी घेतला की मित्रांना दाखवायला?' सुरुवातीला सगळे ओरडतात की आजीसाठी, त्यात काय. मग मित्रांच्या गटातून आलेला मुलगा राग काढून दाखवतो, इच्छेच्या गटातली मुलगी रकाने दाखवते आणि मामला अडतो. अडू द्या. तुम्ही उत्तर सांगायला जाऊ नका, अगदी तोंडावर आलं तरी. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन्ही, आणि दोन्ही आहेत म्हणूनच तो पोरगा खरा वाटतो, नुसता आजीचा विचार करणारा असता तर तो कॅलेंडरवरचा बाळकृष्ण झाला असता. पण हे मी वर्गात शेवटच्या पाच मिनिटांच्या आधी बोलत नाही.

एक किस्सा सांगते म्हणजे 'कुठे लिहिलंय' चा उपयोग कळेल. दुकानदार आधी सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो, हामिद म्हणतो तीन घेणार का आणि पुढे चालू लागतो. आमच्याकडे एक मुलगा होता, घरचं आठवडे बाजारात भांड्यांचं दुकान, वर्गात एरवी तोंड उघडायचा नाही. तो म्हणाला, बाई ही भाव पाडायची रीत आहे, गिऱ्हाईक पाठ फिरवतं आणि दुकानदार हाक मारतो, हामिद एकदम पक्का आहे. वर्ग खूश, टाळ्या. गोष्टीत तर तसंच होतं, दुकानदार बोलावून चिमटा देतो. पण त्यांच्याच गटातल्या शंकासुराने पान उघडलं, आणि तिथे कारण दिलंय की दुकानदार रागावेल, ते ऐकायला नको म्हणून तो पुढे निघाला. म्हणजे पोरगा पक्का नाही, घाबरलाय. बाजारवाल्या मुलाने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, मग दुकानदार चांगला होता. बघा, हामिदवरून गाडी दुकानदाराच्या व्यक्तिरेखेवर गेली, ज्याला गोष्टीत जेमतेम चार-पाच वाक्यं आहेत. मुलाचा बाजारातला अनुभव वाया गेला असं मुळीच नाही, त्या अनुभवामुळेच त्याला ती जागा दिसली, फक्त निर्णय ओळीने दिला.

मार्कांचं. आपल्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प, उपक्रम हे रकाने आहेतच, त्यामुळे वेगळी परवानगी वगैरे लागत नाही. मी दहापैकी चार गटाला देते आणि सहा प्रत्येकाच्या स्वतःच्या चिठ्ठीला. चिठ्ठी शेवटच्या तासाला वर्गातच, अर्ध्या पानाची, तीन गोष्टी लिहायच्या: गटाचं एक मत जे तुला पटलं किंवा पटलं नाही आणि त्याची ओळ, दुसऱ्या धाग्याच्या मुलाने सांगितलेली तुला माहीत नसलेली एक गोष्ट, आणि पात्राला विचारावासा वाटणारा असा प्रश्न ज्याचं उत्तर गोष्टीत नाही. दुसऱ्या मुद्द्यामुळे कोणी ऐकलं आणि कोणी टोपणं सांभाळली ते चिठ्ठीतच दिसतं, तुम्हाला पोलिसगिरी करावी लागत नाही. चार गटमार्क सगळ्यांना सारखे, त्यावर वाद घालणारे पालक भेटतील, त्यांना चिठ्ठी दाखवा.

चिठ्ठीत अक्षर, शुद्धलेखन बघत नाही. एका मुलीने लिहिलं होतं की अमीना चिमटा बघून रागावली ती पैसे वाया गेले म्हणून नाही तर दुपार झाली तरी पोराने काही खाल्लं-प्यायलं नाही म्हणून. तंतोतंत बरोबर, अमीनाच्या तोंडी आधी उपाशी राहिल्याचं येतं आणि मग चिमट्याचं. या एका वाक्याला मी सहापैकी साडेपाच दिले, शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या असत्या तर तिला दोनही मिळाले नसते. आणि हेच वाक्य एखाद्या मुलाने 'अमीना प्रेमळ आहे' असं लिहिलं असतं तर एक.

तुम्ही मोबाईल आणि एआयवरून कॉपीचं पण विचारलंय. घरी काही देऊच नका, एवढा एकच उपाय मला माहीत आहे. घरी दिलेला प्रकल्प आई, ताई, सायबर कॅफे नाहीतर चॅटजीपीटी करतं, पूर्वीपासून हेच आहे, फक्त करणारे बदलले. वर्गातल्या वर्गात चार तासांत हे सगळं बसतं, एक वाचनाचा, एक धाग्यांचा, एक नव्या गटांचा, एक चिठ्ठी आणि चर्चा. पोर्शनची घाई असेल तर वाचन पूरक तासाला घ्या आणि तीनात बसवा, त्याखाली नाही.

वेळ उरला तर एका मुलीला खुर्चीवर अमीना म्हणून बसवते आणि वर्गाने प्रश्न विचारायचे. नियम असा की उत्तर गोष्टीतून द्यायचं, नसेल तर 'गोष्टीत नाही, पण मला वाटतं' असं म्हणून मग द्यायचं. हामिदला आई-वडिलांबद्दल खरं का नाही सांगितलं, हा प्रश्न हमखास येतो. बाप पटकीने गेला, आई खंगून गेली, आणि पोराला सांगितलंय की अब्बा कमवायला गेलेत. इथे जपून, वर्गात आई किंवा वडील नसलेलं मूल असू शकतं, तुम्हाला माहीत असेल तर त्या दिवशी खुर्चीचा खेळ गाळा किंवा आधी त्या मुलाशी बोलून घ्या. तसंच वर्गात मुस्लिम मुलं असतील तर 'तू सांग रे ईदेला काय करतात' असं त्यांना उभं करू नका. त्यांना सांगायचं असेल तर ती आपणहून सांगतात आणि मग फार छान सांगतात.

ही पद्धत प्रत्येक गोष्टीला चालते का? नाही. निवडताना मी एकच बघते, पात्रापुढे निदान एकदा तरी दोन वाटा आहेत का आणि एक धरली की दुसरी सुटते का. हामिदपुढे तीन पैशात खेळणं, पाळणा, मिठाई, चिमटा असं सगळं होतं, म्हणून त्याच्याबद्दल बोलता येतं. नुसती वर्णनं असलेला धडा, किंवा ज्यात माणूस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत थोरच आहे असा धडा, तिथे पाच धागे काढायला बसलात तर तुमचाच दिवस जाईल, तिथे सरळ प्रश्नोत्तरं करा. धागे पण गोष्टीप्रमाणे बदलतात, पैशाचा धागा सगळीकडे नसतो, कुठे घर असेल, कुठे कपडे, कुठे कोण कोणाला काय हाक मारतं ते.

राहिले तुमचे तक्ते. मोठ्या बाईंना भिंतीवर काहीतरी लागतं हे तुम्ही लिहिलंय, आमच्याकडेही लागतं. दोन रकान्यांचा कागद आणि पैशाचा हिशोब, हे दोन मोठ्या अक्षरात काढून लावा, विशेषणांचे ढग नकोत. पालकसभेला आलेले लोक हिशोबाच्या तक्त्यापुढे थांबून वाचतात असा माझा अनुभव आहे, आणि पुढच्या आठवड्यात सुरू करणार असाल तर आधी त्या आणे-पैशांच्या कोष्टकापासूनच करा, ते वर्गाला लगेच जमतं.